चिमूटभर ज्वारीचं पीठ

ही गोष्ट मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे — आणि खरी एकालाही सांगितलेली नाही.

दुकानात कुणी तापलेला लॅपटॉप घेऊन आला की मी त्याला स्टुलावर बसवायचो, स्क्रू काढता काढता सुरू करायचो. राजेश्वर गावचा माझा एक दोस्त होता, त्याच्या घरात पिठाची गिरणी होती, पीठ मशीनमध्ये गेलं आणि ऐन मोक्याला मशीननं दगा दिला. लोक ऐकायचे, माना हलवायचे आणि आपापलं मशीन साफ करायला टाकून जायचे. माझा धंदा वाढायला ती गोष्ट फार उपयोगी पडली. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे उगाच माझी कीव यायला नको.

खरं काय झालं ते आता तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? माहीत नाही. तुम्ही त्या दोघांना ओळखत नाही, कदाचित म्हणून असेल. माझ्या बायकोला सांगायला दोनदा तोंड उघडलं — आणि दोन्ही वेळा चहा मागितला.

माझं दुकान बिदरला, मैलूरमध्ये. एक शटर, एक टेबल, भिंतीला टांगलेले मेलेले मदरबोर्ड, आणि मागच्या दोन खोल्यांत घर. आमची माणसं मेंढ्यांमागं हिंडणारी. बापानं मेंढ्या सोडल्या, राजेश्वरला लोकांच्या शेतात मजुरी धरली आणि मला शाळेत घातलं. आमच्या घरात इंग्रजी वाचणारा पहिला माणूस मी. त्याचा मला माज होता. अभिमान म्हणता आलं असतं, पण तो शब्द फार स्वच्छ आहे.

नागनाथ माझ्याच वर्गातला. त्यांची स्वतःची शेती, पण याचा जीव चित्रांत. डिप्लोमा करून तो एका इंजिनियरकडं नकाशे काढायला लागला आणि मग कॉम्प्युटरवर घरं उभी करायला शिकला — अशी, की पाया खणायच्या आधीच त्यात फिरून यावं. दारातून आत, जिन्यानं वर, गच्चीत. तो काळच तसा होता. पुण्या-हैदराबादेत राबलेल्या माणसांचा पैसा गावाकडं यायला लागला होता, प्रत्येकाला स्लॅबचं घर हवं होतं आणि ते आधी डोळ्यांनी बघायचं होतं. नागनाथनं हैदराबादहून एक वापरलेला लॅपटॉप आणला, चित्रांसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला. तसलं मशीन आमच्या भागात मी तरी दुसरं बघितलं नव्हतं.

आणि त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत गिरणी. ती इंदू वैनींची. नागनाथची नव्हे, सासऱ्याची नव्हे — त्याच्या बायकोची. औरादकडच्या त्यांच्या वडिलांनी लग्नात दागिन्यांऐवजी दिलेली. पट्टा त्याच चढवायच्या, दगड गुळगुळीत झाला की त्याला छिन्नीनं टाकीही त्याच मारायच्या. पीठ पडायला लागलं की दोन बोटांत घेऊन चोळायच्या आणि न बघता सांगायच्या — जाड पडतंय, ओल आहे, यात हरभरा मिसळलाय. पापण्यांवर पीठ, भुवया पांढऱ्या. त्या गिरणीपाशी उभ्या असल्या की घरातलं कुणी त्यांच्याशी आवाज चढवून बोलत नसे, सासूसुद्धा नाही. मला हे चांगलं माहीत होतं. तेव्हा नव्हतं माहीत, असं म्हणायची सोय मला नाही.

हिवाळ्यात एकदा नागनाथ लॅपटॉप घेऊन आला. "व्यंक्या, लई तापायलंय बे हे. मांडीवर घेतलं की चटका बसायलाय. अन् करंट गेला की अर्ध्या तासात गप."

साफ करून दे, एवढंच त्याचं म्हणणं. मी उघडलं तर पंख्याच्या पात्यांवर पिठाचा थर बसलेला, पापडासारखा. आम्ही दोघं हसलो. मी तो थर काढला, कार्डाचा ताप ओढून घेणारी पेस्ट वाळली होती, ती खरवडून नवीन लावली. त्या दिवशीचं पीठ खरं होतं. हे वेगळं सांगतोय, कारण पुढं त्याचा संबंध आहे.

तिथंच थांबून मशीन त्याच्या हातात दिलं असतं, तर? पण त्या दिवसांत मी इंटरनेटवर एका इंग्रजी मंडळीत रोज जाऊन बसत होतो. तिथं लोक लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाचं व्होल्टेज उतरवायचे. सोपं करून सांगतो. कार्डाला एका वेगानं पळायला काही एक व्होल्टेज लागतं. सगळ्या चिपा सारख्या निघत नाहीत, म्हणून बनवणारे सगळ्यांना थोडं जास्तीचं देऊन ठेवतात. ते जास्तीचं काढून घेतलं की वेग तोच राहतो, ताप कमी होतो आणि बॅटरी जास्त वेळ टिकते. दिवसातून चार वेळा करंट जाणाऱ्या आमच्या मुलखाला हे वरदानच. काम वाईट नाही. आजही लोक करतात, चांगलं करतात.

पण त्याची एक रीत आहे. एकेक पायरी उतरायचं. प्रत्येक पायरीवर मशीन तासन् तास राबवायचं. चित्र फाटलं, मशीन अडकलं, की दोन पायऱ्या वर यायचं आणि तिथंच थांबायचं. आणि हे सगळं मशीन ज्या उकाड्यात वापरलं जाणार, त्या उकाड्यात तपासायचं — कारण गरम झालेली चिप कमी व्होल्टेजवर लवकर हार खाते. हे मी वाचलं होतं. शब्दकोश घेऊन वाचलं होतं. शेवटचं वाक्यसुद्धा.

माझ्या टेबलाला शहाबादी फरशी होती. आमच्याकडं घराघरात तीच. उन्हाळ्यात तिच्यावर पाणी मारायचं आणि उघड्या अंगानं आडवं व्हायचं, हा आमचा कूलर. मी मशीन तपासताना फरशीवर ओला फडका फिरवायचो, सोड्याच्या बाटल्यांची चार बुचं मांडायचो, त्यांवर लॅपटॉप, बाजूला टेबलफॅन. माझ्या दुकानात मशीन तापत नाही, अशी ख्यातीच झाली होती. नागनाथचं मशीनही मी तिथंच ठेवलं. हिवाळ्याचे दिवस, खाली ओली फरशी. मी एक पायरी उतरलो — चाललं. आणखी एक — चाललं. त्या मंडळीत हेच कार्ड असलेला एक जण होता, तो ज्या पायरीवर थांबला होता तिथं पोचलो. थांबलो का? नाही. त्याच्या खाली दोन पायऱ्या गेलो, अर्धा तास बघितलं, आकड्यांचा फोटो काढून तिकडं टाकला. कुठल्या तरी देशातल्या माणसानं लिहिलं, कमाल केलीस मित्रा. ती ओळ मी बायकोला वाचून दाखवली, मग मराठीत समजावून सांगितली.

कार्डाला फरशी सांभाळत होती. मला वाटत होतं, माझी अक्कल.

नागनाथला मी काय सांगितलं? काहीच नाही. त्याच्या मशीनच्या पोटात शिरून मी काय बदललंय हे त्याला विचारलं नाही, नंतर सांगितलंही नाही. फक्त म्हणालो, हात लावून बघ. त्यानं तळहात ठेवला.

"आरं, थंडगार! काय केलास बे?"

"हाय आपलं एक औषध," मी म्हणालो. किती मोठा झालो होतो मी त्या क्षणी.

हिवाळाभर मशीन झकास चाललं. करंट गेला तरी तो दोन-दोन तास काम करायचा आणि राजेश्वरपासून हुमनाबादपर्यंत माझं नाव घ्यायचा. वैनींनीही त्या पिठाच्या थराची धास्ती घेतली. गिरणीची खोली आणि त्याची खोली यांच्यामध्ये त्यांनी गोणपाटाचा पडदा शिवून लावला, आणि गिरणी सुरू करायच्या आधी रोज तो पाण्यानं भिजवायच्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. स्वतःच सुचलं.

मग उन्हाळ्यात गुलबर्ग्याहून बोलावणं आलं. तेव्हा गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं नव्हतं. एका बिल्डरच्या ऑफिसात चित्रं काढणारा माणूस हवा होता — कायमचा, पगारी, राहायला जागेसकट. तिघांना बोलावलं होतं. प्रत्येकानं आपल्या मशीनवर एक घर उभं करून, मालकांना त्यातून फिरवून आणायचं. नागनाथनं दोन महिने त्या घरावर काढले. एकदा दुकानात येऊन मला दाखवलं. तळमजल्याला रस्त्याच्या बाजूनं एक जास्तीची खोली होती, वेगळ्या दाराची.

"ही कामून?" मी विचारलं.

"गिरणीची," तो म्हणाला आणि लाजला. "गुलबर्ग्याला गेलो तरी तिची गिरणी संगं न्यायची हाय."

मी त्याच्यासोबत गेलो. दोस्त म्हणून, आणि माझं थंडगार मशीन चारचौघांत मिरवायला म्हणूनही. ऑफिस वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची, करंट गेलेला, पंखे बंद. मे महिन्यातली गुलबर्ग्याची दुपार — ज्यानं बघितली त्याला सांगायला नको. सनमायकाच्या टेबलावर त्यानं लॅपटॉप ठेवला. पडद्यावरचं दार उघडलं, आत गेलो. गिरणीची खोली, स्वयंपाकघर, देवघर. मालक पुढं वाकून बघायला लागले. जिना चढायला लागलो, आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीवर चित्र फाटलं. हिरव्या-गुलाबी पट्ट्या. मग सगळं थिजलं.

पहिली पट्टी दिसली तेव्हाच मला कळलं. पुढच्या पट्टीची वाट बघावी लागली नाही.

त्यानं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा जिन्यावर पट्ट्या. तिसऱ्यांदा नुसता काळा पडदा. माझ्या शर्टाच्या खिशात पेनड्राइव्ह होता आणि त्यात कार्डाचे मूळचे आकडे होते. बॅटरी होती, दहा मिनिटं मागितली असती तर मिळाली असती; माणसं वाईट नव्हती. फक्त एवढं म्हणायचं होतं, की थांबा, चूक माझी आहे. मी काय केलं माहीत आहे? खिशावर हात ठेवला आणि खिडकीबाहेर बघितलं. मालकांतला एक जण हळूच म्हणाला, "साकु, बिडरी" — पुरे, राहू द्या. नागनाथनं मशीनवर पांघरायचं फडकं घडी करून पिशवीत ठेवलं. तेवढी नीट घडी मी त्याला कधी घालताना बघितलं नव्हतं.

परतीच्या एसटीत तो एकदाच बोलला. "कामून झालं असंल बे असं?"

"उघडून बघावं लागंल," मी म्हणालो.

हे झालं भित्रेपण. इथवर असतं तरी मी कदाचित कुणाला तरी सांगू शकलो असतो. माणूस घाबरतो, चूक लपवतो — ऐकणारा समजून घेतो. पण पुढचं मी घाबरून केलं नाही. पुढचं डोकं शांत ठेवून केलं.

मशीन मी दुकानातच ठेवून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मूळचे आकडे परत घातले. लॅपटॉप उन्हात, तापलेल्या पत्र्यावर नेऊन ठेवला आणि नागनाथनं पडद्यावर उभ्या केलेल्या घरातून तीन वेळा फिरून आलो. जिना, गच्ची, सगळं. एक पट्टी नाही. मशीन हात लावू देत नव्हतं इतकं तापलं होतं, पण चाललं. म्हणजे शंका घ्यायलाही जागा उरली नाही. मग मी पंखा उघडला. वाटलं, थोडं तरी पीठ असेल.

पंखा स्वच्छ होता. त्या ओल्या पडद्यानं काम चोख केलं होतं.

दुपारी नागनाथ आणि वैनी दोघं येणार होती. मी मागं घरात गेलो. बायको शेजारी गेली होती. पिठाचा डबा उघडला, ज्वारीचं पीठ चिमटीत घेतलं आणि दुकानात येऊन ते पंख्याच्या पात्यांवर भुरभुरलं. हाताला लागलेलं झटकलं. थोडं कमी वाटलं, म्हणून परत गेलो. हो — दोनदा गेलो. पहिल्यांदा काय करतोय हे कळलं नव्हतं असं समजा. दुसऱ्यांदा तर कळलं होतं ना?

ती दोघं आली. मी त्यांच्यासमोर मशीन उघडलं, आताच पहिल्यांदा उघडतोय असं, आणि पंखा वर्तमानपत्रावर उलटा करून टिचकी मारली. पीठ पडलं.

"बघा," मी म्हणालो. "आणखी काय सांगू?"

वैनी पुढं आल्या. "पर मी पडदा लावलाय की, भाऊजी. रोज भिजवून लावायलेय."

"पीठ हवेत असतंय, वैनी. पडद्याला काय जुमानतंय."

त्या वाकल्या. कागदावरचं पीठ त्यांनी दोन बोटांत घेतलं आणि चोळलं. ज्या बाईला नुसत्या चोळण्यानं पिठातली ओल कळते, तिच्यासमोर मी बिदरच्या गिरणीवरनं दळून आणलेलं पीठ ठेवलं होतं. त्यांनी परत चोळलं. माझ्याकडं बघितलं.

"हे लई बारीक हाय," त्या म्हणाल्या. "आमचं एवढं बारीक पडत न्हाई."

मला वाटलं, संपलं. खरं सांगू? क्षणभर बरंही वाटलं. पण नागनाथ ओरडला, "गप बस! माझं वाटोळं केलीस, अन् वर बोलायलीस!" आमच्या दोस्तीच्या इतक्या वर्षांत तो त्यांच्याशी तसा बोललेला मी ऐकला नव्हता. वैनींनी त्याच्याकडं बघितलंच नाही. त्या माझ्याकडंच बघत होत्या, मी काय म्हणतो याची वाट बघत.

मी म्हणालो, "आत जातंय ते बारीकच जातंय, वैनी. जाड बाहेरच ऱ्हातंय."

किती पटकन सुचलं मला! इतकं पटण्यासारखं वाक्य मी उभ्या आयुष्यात बोललो नसेन. त्यांनी मान हलवली. बोटं पदराला पुसली आणि मागं जाऊन दाराशी उभ्या राहिल्या.

गिरणी त्या पावसाळ्याच्या आतच विकली गेली. भालकीकडचा एक माणूस टेम्पो घेऊन आला, मोटार, दगड, पट्टा, सगळं घेऊन गेला. मी नव्हतो, नागनाथनंच फोनवर सांगितलं. गिरणी असेपर्यंत आपल्या हाताला यश यायचं नाही असं त्याच्या मनानं घेतलं होतं, आणि गिरणी गेल्यावरही यश आलं नाही. लॅपटॉप चांगला चालत होता, मीच चालू करून दिला होता ना — पीठ काढलं म्हणून! पण त्यानं परत चित्रं काढली नाहीत. घरात जे काही बिघडेल ते वैनींच्या पिठावर जायला लागलं. मिक्सर जळला तरी. मूल राहत नव्हतं, तेही सासूनं पिठावरच घातलं — छातीत पीठ गेलेली बाई, म्हणून. वैनींनी उलटून उत्तर दिल्याचं कधी ऐकलं नाही. कुठं उभ्या राहून देणार होत्या?

वर्षभरात दोघं पुण्याला गेली. तो बांधकामावर सुपरवायझर, म्हणजे सिमेंटची पोती मोजणारा. आणि मी? मी दुकानात बसून ती पिठाची गोष्ट सांगत होतो.

त्यानंतर एकदाच त्यांच्या घरी गेलो. सुटे भाग आणायला पुण्याला गेलो होतो, त्यानं फोनवर पत्ता दिला आणि फार आग्रह केला. मी पोचलो तेव्हा तो कामावर होता. पत्र्याची एक खोली. वैनी डबा लावलेल्या पोरांसाठी भाकऱ्या करत होत्या, बाहेरून आणलेल्या तयार पिठाच्या. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला. ते बघणं फार कठीण होतं. त्यांनी चहा ठेवला, माझ्या बायकोची चौकशी केली, मैलूरचा रस्ता झाला का विचारलं. पीठ चांगलं मिळत नाही म्हणाल्या, एवढंच.

राजेश्वरहून त्यांच्या सासूचा फोन माझ्या मोबाइलवर आला, पोचलास का म्हणून. दोन शब्द बोलून मी मोबाइल वैनींच्या पुढं धरला. त्यांनी हात पुढं केला आणि झटकन मागं घेतला.

"थांबा भाऊजी. हाताला पीठ हाय." त्या उठल्या, मोरीत हात धुतले, पदराला पुसले, मग उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितले. "बारीक असतंय ते, डोळ्याला दिसत न्हाई. तुमीच सांगितलाव की तवा. मशीनला चालत न्हाई."

खोलीत आम्ही दोघंच होतो. नागनाथ नव्हता, ओरडणारं कुणी नव्हतं. पिठाची परात आमच्यामध्ये होती आणि वैनी हात पुढं करून माझ्याकडं बघत होत्या — दुकानात बघत होत्या तशाच.

मी म्हणालो, "व्हय, वैनी. अजून एकदा पुसून घ्या."

त्यांनी पुसले.